आबांच्या खोलीतली हवा

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या आजूबाजूची गुऱ्हाळं पेटतात आणि संध्याकाळच्या हवेला दोन वास येऊ लागतात. एक काहिलीत उकळणाऱ्या रसाचा, गोड आणि जडसर. दुसरा चुलवाणात सरकवलेल्या चिपाडाचा, कोरडा, घशाला लागणारा. ज्यांचं लहानपण या मुलखात गेलं त्यांच्या मनात हे दोन्ही वास एकत्रच असतात. धूर आला म्हणजे ताजा गूळ आला. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या छातीला ते वेगळे करावेच लागतात.

एरवी धूर वर जातो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. हिवाळ्यातल्या संध्याकाळी तसं होत नाही. सूर्य कलला की जमीन झपाट्याने निवते, जमिनीलगतची हवा गार पडते आणि तिच्यावर थोडी उबदार हवा पसरून राहते, पातेल्यावर झाकण ठेवावं तशी. मग त्या झाकणाखाली जे जे जळतं ते तिथेच कोंडतं. गुऱ्हाळाचं चिपाड, तोडणी झालेल्या फडातलं पाचट, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींची काजळी, महामार्गावरचे ट्रक, शहरातल्या दुचाक्या. पहाटेपर्यंत हे सगळं माणसाच्या नाकाच्या उंचीवर तरंगत असतं. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचंही नाव आहे. रंकाळ्याच्या वाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे पटायला जड जातं.

घरात हृदयाचा पेशंट असला की आपण पुष्कळ गोष्टी मोजतो. मीठ मोजतो, गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरून ठेवतो, तांबड्या रश्श्यावरचा तवंग आबांच्या वाटीतून बाजूला काढतो. हवा मात्र मोजायची राहते. शांत पडलेला माणूस मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो, दर श्वासाला अर्धा लिटर. वयस्कर माणसं नऊला आडवी होतात आणि सातला उठतात, म्हणजे दहा तास. हिशेब साडेचार हजार लिटरवर जातो. एवढी हवा एका खोलीतली, एकाच खाटेवर पडून, एका थकलेल्या हृदयाच्या वाट्याला येते. गावाची हवा सुधारायला वर्षं लागतील आणि ती सुधारलीच पाहिजे. ही एक खोली मात्र या हिवाळ्यातही सुधारता येते, घरातला धूर आवरून आणि हवा गाळणारं यंत्र, म्हणजे एअर प्युरिफायर, लावून. म्हणून हा सगळा खटाटोप.

छातीत गेलेल्या धुराचा हृदयाशी काय संबंध, असं पुष्कळजण विचारतात. हवेतल्या ज्या कणांची भीती आहे त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक. माणसाच्या केसाची जाडी पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर धरली तर हा कण तिच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाएवढा. घराच्या कोनाड्यात बसते ती धूळ नाकात, घशात अडकते आणि शेंबडातून, खाकरण्यातून बाहेर पडते. हा कण अडकत नाही. तो फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत उतरतो आणि त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तातही जातात. फुप्फुसाला तिथे दाह होतो आणि त्या दाहाची रसायनं रक्तातून अंगभर फिरतात. श्वासमार्गातल्या नसा शरीराला धोक्याचा इशारा देतात, रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात. वाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर सैल व्हायचं विसरतं, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट्स) चिकट होतात. तरुण माणसाची वाहिनी रबरी नळीसारखी ताणली जाते आणि हा ताण खपवून घेते. सत्तरीतली वाहिनी जुन्या, कडक झालेल्या पायपासारखी असते, तिथे दाब थेट वर चढतो. यातले बरेच बदल काही तासांत होतात. त्यात हिवाळ्याची थंडी स्वतःच रक्तदाब वाढवते. म्हणजे धूर आणि गारठा दोघं एकाच वेळी आबांच्या दारात येतात.

आता हवा गाळणाऱ्या यंत्राने काय होतं ते. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, ज्येष्ठांसाठीच्या एका इमारतीत ४० जणांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ६७. प्रत्येकाच्या घरात तीन-तीन दिवस यंत्र चाललं. कधी फिल्टर काढून नुसतंच, कधी साध्या फिल्टरचं, कधी खऱ्या हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या दाट फिल्टरचं. माणसांच्या श्वासात जाणारे कण घनमीटरला सुमारे १५ मायक्रोग्रॅम होते, ते हेपाने ७ वर आले. फिल्टर असलेल्या दिवसांत वरचा रक्तदाब सरासरी ३.२ पॉइंटांनी उतरला, खालचा दीड पॉइंटाने. त्याआधी २००८ साली कोपनहेगनमध्ये साठ ते पंचाहत्तर वयाच्या २१ जोडप्यांच्या घरची हवा ४८ तास गाळली, तेव्हा त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांची सैल होण्याची ताकद सुमारे ८ टक्क्यांनी सुधारली. २०२५ साली महामार्गालगतच्या घरांत महिनाभर हेपा चालवून पाहिलं, तर ज्यांचा वरचा आकडा १२० च्या पुढे होता त्यांचा तो जवळपास ३ पॉइंटांनी खाली आला; ज्यांचा आधीच नीट होता त्यांच्यात फरक पडला नाही.

तीन पॉइंट म्हणजे फार नव्हे. गोळी याहून जास्त काम करते, आणि यंत्र आणलं म्हणून कोणी गोळी सोडली तर तो शुद्ध घात आहे. हे अभ्यास दिवसांचे आणि आठवड्यांचे आहेत, त्यांत हार्ट अटॅक किती टळले हे मोजलेलं नाही. तरीही गोळी, कमी मीठ आणि चालणं यांच्या जोडीला तीन पॉइंट मिळत असतील तर ते मला मोलाचे वाटतात. डेट्रॉइटमधली ती १५ मायक्रोग्रॅमची हवा आपल्या देशाच्या मानकात केव्हाच पास झाली असती. भारताचं मानक २४ तासांना ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. जिथे हवा आधीच बरी होती तिथेही वयस्कर शरीराला फरक कळला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण यंत्राच्या दुकानात जाण्याआधी घराच्या परसात जायला हवं.

कोल्हापुरात अजून किती घरांत तांब्याचा बंब तापतो ते पहाटे पाचला गल्लीतून फिरलं की कळतं. बंबाच्या पाण्याची ऊब गिझरला नाही, हे आजी म्हणते ते खरंच आहे. पण बंब कुठे असतो? मोरीशेजारी, मागच्या दाराला. आणि आबांची खाट? बहुतेक घरांत मागच्या खोलीतच, मोरी जवळ पडावी म्हणून. पेटवल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट. लाकूड ओलसर, जाळ अजून धरलेला नाही, पांढरा दाट धूर दारातून सरळ आत. तो लवकर पेटावा म्हणून नारळाच्या शेंड्यांबरोबर प्लॅस्टिकची पिशवी किंवा जुन्या चपलेचा तुकडा टाकला जातो, आणि तो धूर साध्या लाकडाच्या धुराहून विषारी असतो. ही एक सवय आजच मोडावी. जळण पावसाळ्याआधी छपराखाली रचावं म्हणजे कोरडं राहतं. बंबाचं धुराडं पत्र्याच्या पाइपने पागोळीच्या वर दोन-तीन फूट न्यावं. बंब पेटवताना मागचं दार लावावं आणि धग धरल्यावरच उघडावं. छपरावर जागा असेल तर सोलर बसवावा, बंब सणासुदीला ठेवावा.

मशेरीचं बोलायला अवघड जातं, कारण ती आजीच्या पिढीची गोष्ट आहे आणि तिच्यावर रागवून उपयोग नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली जाते तेव्हा तो धूर सगळ्या घरात जातो, भाजणाऱ्या बाईच्या छातीत आधी. पुढे दिवसभर हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं आणि ठोके वाढवत राहतं. सोडता आली तर उत्तमच. तोवर घरात भाजणं तरी बंद करायला हवं.

डासांची कॉइल हा तिसरा भाग, आणि तो सगळ्यात दुर्लक्षित. २००३ सालच्या एका अभ्यासात एक कॉइल जळून जितके बारीक कण निघाले ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढे भरले. ही कॉइल आपण कुठे लावतो? खाटेखाली. दार बंद करून. रात्रभर. मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी मारून घ्या. उदबत्ती आणि धूप बंद करा असं कोणाला सांगण्याचं माझं धाडस नाही आणि तशी गरजही नाही. देवघरात निरांजन, उदबत्ती तुळशीपाशी अंगणात, धूप दाखवताना खिडकी उघडी आणि नंतर पंधरा मिनिटं आबांच्या खोलीचं दार बंद. एवढं पुरतं.

स्वयंपाकघरात मार्च-एप्रिलमध्ये चटणीचा हंगाम येतो. मिरची, खोबरं, तीळ भाजायला घेतले की तिखट धूर उठतो आणि शेजारचं घरही ठसकतं. भाजणी शक्यतो गच्चीवर किंवा परसात करावी. रोजच्या फोडणीसाठी एक्झॉस्ट पंखा शेगडीच्या जवळच्या भिंतीला, वरच्या बाजूला असावा. गॅस पेटवायच्या पाच मिनिटं आधी चालू, स्वयंपाक संपल्यावर पंधरा मिनिटांनी बंद. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी कुठून तरी आत येणार, म्हणून समोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी हवी. ती नसेल तर पंखा मागच्या दाराच्या फटीतून बंबाचा धूरच ओढून आणतो. असं कितीतरी घरांत होतं, आणि दोष पंख्याला दिला जातो.

हे सगळं झालं की मग खोली.

यंत्र घर साफ करत नाही, खोली साफ करतं. चौक असलेल्या वाड्यात, सोप्यात किंवा मोकळ्या हॉलमध्ये ते ठेवणं म्हणजे पंचगंगेत तुरटी फिरवणं. का, ते एका साध्या हिशेबात कळतं. समजा खोलीतली हवा फटींमधून तासाला एकदा बदलते आणि यंत्र तीच हवा तासाला पाच वेळा गाळतं. बाहेरच्या धुरातला सहावा भाग आत उरेल. आता खिडकी सताड उघडली, हवा तासाला दहा वेळा बदलू लागली, तर तेच यंत्र त्याच वेगावर चालूनही दोन तृतीयांश धूर आत राहील. यंत्र नादुरुस्त नाही, फिल्टरही नवा आहे, तरी उपयोग जेमतेम एक तृतीयांश.

म्हणून आधी फटी. जुनं दोन फळ्यांचं दार असेल तर मधली चीर आणि चौकटीच्या कडा यांना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी फोमची चिकटपट्टी लावायची. उंबऱ्यापाशी जुन्या लुगड्याची घट्ट वळकटी. काचेच्या तावदानांची सुटलेली पुट्टी पुन्हा भरायची. कौलारू खोली असेल तर काम मोठं आहे, कारण कौलांमधून हवा चाळणीसारखी येते. तिथे खाली प्लायवुडचं किंवा पीव्हीसी पट्ट्यांचं सिलिंग मारून भिंतीलगतचा सांधा भरावा लागतो. ते जमत नसेल तर आबांची खाट स्लॅबच्या खोलीत हलवणं हे नव्या यंत्रापेक्षा जास्त कामाचं.

दारं-खिडक्या लावल्या की आजी म्हणणारच, "गुदमरायला होतंय रे बाळा." ती खोटं बोलत नाही. दोन माणसं बंद खोलीत रात्रभर श्वास टाकतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सकाळी डोकं जड होतं. फिल्टर वायू अडवत नाही. उपाय असा की धुराच्या उलट बाजूची एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची आणि यंत्र एक पायरी वर चालवायचं. दुपारी बारा ते चार या वेळात, जेव्हा ऊन जमिनीलगतची हवा वर उचलतं आणि धूर पातळ होतो, तेव्हा सगळ्या खिडक्या उघडून खोली मोकळी करायची. संध्याकाळी सहाच्या आत पुन्हा बंद. पंखा हळू चालू ठेवला तर चांगलंच, खोलीतली हवा ढवळली जाते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. थंडी फार म्हणून बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये, आणि बाथरूममधल्या गॅस गिझरला बाहेर जाणारी वाट असल्याशिवाय तो वापरू नये. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. जगातला कुठलाही हेपा फिल्टर तो थांबवत नाही. कमजोर हृदयाला तो सगळ्यांच्या आधी गाठतो.

आता यंत्राची निवड. खोक्यावर '४०० चौरस फुटांसाठी' असं लिहिलेलं असतं त्याच्याकडे बघू नका. हवा किती वेळा गाळली जाईल हे त्यात सांगितलेलं नसतं. सीएडीआर हा आकडा विचारा, म्हणजे यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. आबांची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट धरू. बाराशे घनफूट झाले. पस्तीसने भागलं की ३४ घनमीटर. पाच वेळा गाळायची तर ताशी १७० हवेत. दुकानदार म्हणेल, मग २०० चं घ्या. घेऊ नका, कारण तो आकडा सगळ्यात वरच्या वेगाचा असतो. त्या वेगाला यंत्र एवढं घोंगावतं की आबा पहिल्याच रात्री ते बंद करायला लावतील किंवा 'स्लीप'वर टाकतील. स्लीपवर तेच यंत्र पाव किंवा त्याहून कमी हवा देतं. ३०० ते ३५० चं घेऊन मधल्या वेगावर चालवलं तर आवाजही सोसतो आणि हिशेबही जुळतो. वाड्यातली खोली बारा बाय पंधरा आणि उंची बारा फूट असली तर याच हिशेबाने मधल्या वेगावरच ३१० लागतात. तिथे एक यंत्र पुरत नाही, दोन लागतील.

फिल्टर 'हेपा' हवा. 'हेपासारखा' किंवा 'हेपा टाइप' नको. एच१३ दर्जाचा फिल्टर सर्वांत अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के पकडतो. अवघड म्हणजे ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे. याहून मोठे कण धाग्यांवर आदळून अडकतात. याहून बारीक कण हवेत इतके थरथरत फिरतात की कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतातच. मधलेच निसटायला बघतात. काळा कार्बनचा थर असतो तो वासापुरता. पातळ असला तर महिन्या-दोन महिन्यांत भरतो, त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. आयन सोडणारं बटण असेल तर ते बंद ठेवावं, आणि ओझोन सोडणारं यंत्र तर घेऊच नये. ओझोन स्वतःच फुप्फुसाला जाळतो. कुंड्यांतल्या झाडांनी डोळ्यांना गारवा मिळतो, धुळीला फरक पडत नाही. घेण्याआधी दोन वर्षांच्या फिल्टरची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवून बघा, आणि तो फिल्टर शाहूपुरीत किंवा राजारामपुरीत सहज मिळतो का, नसेल तर ऑनलाइन किती दिवसांत येतो, हे विचारून घ्या. विजेचं म्हणाल तर ४० वॅटचं यंत्र रात्री दहा तास चाललं तर महिन्याला बारा युनिट.

ठेवायचं कुठे? खाटेच्या उशाच्या बाजूला, भिंतीपासून फूटभर सोडून, हवा बाहेर पडते ते तोंड आबांकडे पण थेट चेहऱ्यावर झोत येणार नाही असं. पडद्यामागे नको, खाटेखाली नको, कपाट आणि भिंतीच्या कोपऱ्यात तर नकोच. स्वयंपाकघरात कधीच नाही. फोडणीच्या तेलाची वाफ फिल्टरच्या घड्यांवर बसली की तो चिकट होतो आणि पुन्हा कशानेही मोकळा होत नाही. झोपायच्या तासभर आधी वरच्या वेगावर लावून दार बंद करायचं, आबा आत आले की मधल्या वेगावर आणायचं. 'ऑटो'वर फार भरवसा नको. त्याचं मोजमाप यंत्राच्या अंगाशीच होतं, तिथली हवा सगळ्यात आधी साफ होते आणि यंत्र समजूत करून घेतं की काम झालं.

यंत्र बिघडल्याच्या तक्रारींतल्या निम्म्या तक्रारी मला वाटतं दोनच कारणांनी असतात. पहिलं, आतल्या फिल्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढलेलीच नसते. यंत्र येतं, प्लग लावतात, दिवा हिरवा लागतो, सहा महिने ते पिशवीभोवतीची हवा फिरवत राहतं. मागचं झाकण उघडून स्वतः बघा. दुसरं, कोणीतरी स्वच्छतेच्या हौसेने हेपा फिल्टर नळाखाली धुतलेला असतो. धुता येते ती फक्त बाहेरची जाळी. ती दर पंधरा दिवसांनी काढून, कोरड्या ब्रशने झाडून, धुवून सावलीत पूर्ण वाळवायची. हेपाचे धागे भिजले की आपली जागा सोडतात, आणि मग वरून तो कितीही पांढरा दिसो, त्यातून धूर आरपार जातो. कण मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक भोकात धूळ बसली तर दिवा सतत लाल राहतो. दोन महिन्यांतून एकदा कोरड्या कापसाच्या काडीने ते हलकेच पुसावं.

काम होतंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पीएम २.५ मोजणारं लहान मीटर शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिळून एक घेतलं तर बरं. डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी आधी अंगणातला आकडा बघा, मग बंद खोलीतला, मग यंत्र वरच्या वेगावर अर्धा तास चालवून पुन्हा. खोली नीट बंद असेल तर आकडा पाव भागावर यायला हवा. निम्माही झाला नाही तर फट राहिली आहे किंवा फिल्टर नीट बसलेला नाही. मीटर मायक्रोग्रॅम दाखवतंय की हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय), एवढं मात्र तपासा. ६० मायक्रोग्रॅमला आपल्याकडचा निर्देशांक १०० असतो आणि या गोंधळात माणसं उगीच घाबरतात किंवा उगीच निश्चिंत होतात. पावसाळ्यात दमटपणामुळे ही मीटरं फुगवून आकडा सांगतात, तेव्हा त्यांच्यावर जाऊ नये.

रक्तदाबाचंही तसंच. यंत्र आणल्याच्या दुसऱ्या दिवशी एकदा मोजून काही ठरवू नये. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्याच वेळी. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नाही. लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पावलं जमिनीला टेकलेली, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्यावरून नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ती १३५/८५ च्या वर राहत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम असं काही झालं तर वही, यंत्र, खिडकी सगळं बाजूला ठेवून लगेच दवाखाना.

पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या आबांशी या बाबतीत वाद घालावा लागतो. चाळीस वर्षांचा नेम असतो, तिथे त्यांचे मित्र असतात, आणि चालणं थांबवणं हे हृदयासाठी धुराहून वाईट. पण डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर जे पांढरं तरंगतं ते नुसतं धुकं नसतं. ते दोन महिने नेम आठ-साडेआठवर ढकलला, ऊन अंगावर आल्यावर, तर थंडीही टळते आणि धूरही पातळ होतो. मित्रमंडळी सगळी मिळून ढकलली तर आबा ऐकतात. एकट्याला सांगून ऐकत नाहीत.

हेपा फिल्टर आपल्या हवेत एक हंगाम टिकतो, जपून वापरला तर दोन. मी दसऱ्याच्या साफसफाईत तो बदलावा असं म्हणेन, कारण गुऱ्हाळं त्यानंतरच पेटतात आणि नवा फिल्टर बरोबर कामाच्या महिन्यांना मिळतो. बसवताना त्याच्या पुठ्ठ्याच्या कडेवर मार्करने तारीख घालायची. पाडव्यानंतर धूर ओसरला की रात्रीचे तास कमी करता येतात, आणि मिरगाचा पाऊस लागला की हवा आपोआप धुऊन निघते. तेव्हा यंत्र बंद करून नुसतं कोपऱ्यात ढकललं तर ओल धरून फिल्टरला कुबट वास येतो आणि बुरशी चढते. फिल्टर उन्हात नाही, पण कोरड्या हवेत दिवसभर उघडा ठेवून, पिशवीत घट्ट बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचा. पिशवीवर चिठ्ठी चिकटवायची, की दसऱ्याला लावताना ही काढायची आहे.